नवशिक्याची फळी : साच्यातली की हातघडणीची?

जून महिना आला की शाळेच्या गणवेशावरून घरोघरी एक चर्चा होते. तयार सदरा घ्यावा, की कापड आणून शिंप्याकडे माप द्यावे? तयार सदरा स्वस्त आणि लगेच मिळणारा. शिवलेला सदरा अंगाला नीट बसणारा. अशीच चर्चा पॅसिफिक महासागराच्या काठावर गेली साठ-सत्तर वर्षे एका वेगळ्याच वस्तूबद्दल चालू आहे. ती वस्तू म्हणजे सर्फबोर्ड, अर्थात लाटेवर उभे राहून किनाऱ्याकडे घसरत येण्यासाठी वापरायची फळी. पहिल्यांदाच शिकणाऱ्याने कारखान्यात साच्यातून काढलेली फळी घ्यावी, की कारागिराकडून आपल्या मापाची घडवून घ्यावी?

वरवर पाहता हा प्रश्न केवळ खरेदीचा आहे. पण या फळीचा इतिहास पाहू लागलो की त्यात आर्किमिडीज भेटतो, बहुवारिकांचे रसायनशास्त्र भेटते आणि शिक्षकांना जवळचा वाटेल असा एक प्रश्नही भेटतो : कोणते ज्ञान साच्यात भरून ठेवता येते आणि कोणते येत नाही?

पांगाऱ्याचे भाऊबंद

कॅप्टन कुकची जहाजे १७७८ साली हवाई बेटांवर पोहोचली. दुसऱ्याच वर्षी लेफ्टनंट जेम्स किंग याने तेथील लोक फळीवर आडवे होऊन लाटांवर कसे स्वार होतात याचे वर्णन लिहून ठेवले. ते १७८४ साली छापले गेले. तेव्हा हवाईत पुरुष, स्त्रिया, मुले सगळेच हा खेळ खेळत. फळ्या मात्र एकसारख्या नव्हत्या. पोटावर झोपून वापरायची आखूड फळी म्हणजे 'पाइपो'. त्याहून लांब आणि पातळ ती 'अलाइया'. सर्वांत लांब आणि जाड ती 'ओलो'; ती सरदार घराण्यातील लोकांसाठी असे.

लाकडाची निवडही विचारपूर्वक होई. अलाइया बहुधा कोआ किंवा नीरफणसाच्या लाकडाची असे. कोआ हे झाड आपल्याकडे रस्त्याच्या कडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या प्रजातीतले. ओलोसाठी विलिविली नावाचे फार हलके लाकूड पसंत केले जाई, आणि विलिविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्याच प्रजातीतला वृक्ष. दगडी वाकसाने लाकूड तासायचे, प्रवाळाच्या खरबरीत तुकड्याने घासायचे आणि कुकुईच्या बियांचे तेल चोळायचे, अशी ही घडण होती. अबनर पाकी या सरदाराच्या एकोणिसाव्या शतकातील ओलो फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आहेत. त्यांचे वजन साठ किलोहून अधिक भरते.

या काळात 'साचा की हात' हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक फळी हाताचीच होती. पण हातातले ज्ञान माणसांबरोबर जगते आणि माणसांबरोबर मरते. परक्या जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी हवाईची मूळ लोकसंख्या झपाट्याने घटली. काही लाखांची ही वस्ती १८९० च्या दशकात सुमारे ४० हजारांवर आली. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांनाही हा खेळ फारसा रुचला नाही. परिणामी ओलो घडवणारे आणि वापरणारे जवळजवळ नाहीसे झाले. त्या फळ्या संग्रहालयात तेवढ्या उरल्या.

घरे बांधणारा कारखाना फळ्या बनवतो

संग्रहालयातल्या या फळ्यांकडे १९२० च्या दशकात टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकन जलतरणपटूचे लक्ष गेले. त्याने पाकीच्या फळ्यांची डागडुजी केली आणि तशाच फळ्या स्वतः बनवून पाहिल्या. वजन कमी करण्यासाठी त्याने आधी लाकडात शेकडो भोके पाडून वरून पातळ पत्र्यासारखे लाकूड बसवले. पुढे आत फासळ्या असलेली पूर्ण पोकळ फळी केली. तिचे पेटंट त्याला १९३२ साली मिळाले. १९३५ च्या सुमारास त्याने फळीच्या मागच्या टोकाखाली एक लहानसा पर लावला. माशाच्या परासारखे काम करणाऱ्या या तुकड्यामुळे फळी आडवी घसरेनाशी झाली. पोकळ फळीचे आराखडे छापून येऊ लागले आणि थोडीफार सुतारकी येणाऱ्यांनी त्यावरून घरच्या घरी फळ्या केल्या.

याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये कारखान्यात फळ्या तयार होऊ लागल्या. पॅसिफिक सिस्टिम होम्स ही कंपनी सुट्या भागांतून जोडायची लाकडी घरे विकत असे. लाकूड होते, यंत्रे होती, सुतार होते. तेव्हा १९३० च्या दशकात तिने बाल्सा आणि रेडवुड यांच्या पट्ट्या चिकटवून सर्फबोर्ड विकायला काढले. त्यांवर शुभचिन्ह म्हणून स्वस्तिक कोरलेले असे आणि फळीचे नावही तेच होते. जर्मनीतील घडामोडींमुळे त्या चिन्हाला वेगळाच अर्थ चिकटला, तेव्हा दशक संपण्यापूर्वी कंपनीने ते नाव सोडले.

एका शिकाऊ मुलीची फळी

दुसऱ्या महायुद्धाने दोन नवे पदार्थ हाताशी आणले : काचतंतूंचे कापड आणि त्याला कडक करणारी पॉलिएस्टर राळ. विमानांतील रडारच्या आवरणांसाठी वापरले जाणारे हे मिश्रण हलके, जलरोधक आणि भक्कम होते. बाल्सा लाकूड अतिशय हलके (घनता पाण्याच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतकी), पण पाणी शोषणारे. त्यावर हे कवच चढवले की अडचण मिटली.

बॉब सिमन्स याने या संधीचा अभ्यासपूर्वक उपयोग केला. तो कॅलटेकमध्ये शिकलेला होता आणि विमान कारखान्यात गणिताचे काम करी. सायकलच्या अपघाताने त्याचा एक हात अधू झाला होता, म्हणून जड फळी वाहणे त्याला अवघड जाई. वेगवान नौकांच्या तळांविषयी लिंडसे लॉर्ड यांचा ग्रंथ १९४६ साली आला होता. त्यातील प्रयोगांचा उपयोग सिमन्सने फळीचा तळ आखताना केला. १९५४ साली सर्फिंग करतानाच तो बुडून मरण पावला.

याच वर्तुळातल्या जो क्विग या कारागिराने १९४७ साली डॅरिलिन झॅनक या तरुण मुलीसाठी एक फळी घडवली. ती नुकतीच शिकू लागली होती. फळी तिला उचलता यावी, तिच्या मोटारीत मावावी, अशी अट होती. क्विगने हलके बाल्सा निवडून सुमारे दहा फुटांची, त्या काळाच्या मानाने फारच हलकी फळी केली. गंमत अशी, की मुरलेल्या पुरुष खेळाडूंनी ती मागून घेऊन वापरली तेव्हा ती त्यांच्या जड फळ्यांपेक्षा चपळ वळते असे त्यांच्या लक्षात आले. मालिबू किनाऱ्यावरील पुढच्या दशकाच्या फळ्यांवर या फळीचा स्पष्ट ठसा आहे.

ही घटना आमच्या मते या इतिहासातील कळीची आहे. शिकाऊ व्यक्तीची गरज नीट ऐकून घेतली, तर त्यातून तज्ज्ञांनाही न सुचलेले उत्तर निघू शकते. साच्यातून काढलेल्या फळीने हे झाले नसते, कारण साचा ऐकत नाही.

थर्माकोल का चालला नाही?

१९५७ साली 'गिजेट' ही कादंबरी आणि १९५९ साली तिच्यावरचा चित्रपट आला. लाटांवर स्वार व्हायला शिकणाऱ्या एका मुलीची ती कथा होती. हजारो तरुण किनाऱ्यावर लोटले. चांगले बाल्सा मुख्यतः एक्वाडोरहून येई. त्याचा पुरवठा बेभरवशाचा आणि प्रत्येक ओंडका वेगळा. लाकडाला पर्याय हवा होता.

पर्याय म्हणून फेस, म्हणजे फोम, डोळ्यांपुढे होताच. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो तो पॉलिस्टायरीनचा फेस सिमन्सनेही वापरून पाहिला होता. पण पॉलिएस्टर राळेत स्टायरीन हे द्रव असते आणि ते थर्माकोल विरघळवून टाकते. म्हणून सिमन्सला मध्ये प्लायवूड घालावे लागे. वर्गात हे सहज दाखवता येईल : थर्माकोलच्या तुकड्यावर ॲसिटोनचे दोन-चार थेंब टाकले की तिथे खड्डा पडतो. (खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास ज्योत नसावी आणि प्रयोग शिक्षकांनीच करावा.) द्रावक वेगळे असले तरी तत्त्व एकच.

पॉलियुरेथेनच्या फेसावर स्टायरीनचा असा परिणाम होत नाही. डेव्ह स्वीट याने १९५६ च्या सुमारास तो वापरला आणि १९५८ साली हॉबी ऑल्टर व गॉर्डन क्लार्क यांनी त्याच्या उत्पादनाची घडी बसवली. दोन द्रव मिसळून जड साच्यात ओतायचे, ते फुगून साचा भरतात, आणि बाहेर येतो फळीच्या आकाराचा पांढरा ठोकळा. त्याला 'ब्लँक' म्हणतात. १९६१ पासून क्लार्क स्वतंत्रपणे फक्त ब्लँक बनवू लागला. कारागीर ते विकत घेत, रंध्याने आणि पॉलिश कागदाने गिऱ्हाइकाच्या मापाचा आकार देत आणि वर काचतंतू चढवत. म्हणजे ज्याला आपण हातघडणीची फळी म्हणतो, तिचे पोट १९५८ नंतर साच्यातलेच होते.

काही कारखान्यांनी मात्र पूर्ण फळीच साच्यातून काढली. जाणकार त्यांना हेटाळणीने 'पॉप-आउट' म्हणत. तरी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात असंख्य नवशिके त्यांच्यावरच शिकले.

आकार बदलला आणि साचे अडगळीत गेले

१९६७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात बॉब मॅकटॅव्हिश आणि मूळचा कॅलिफोर्नियाचा जॉर्ज ग्रीनो यांच्या प्रयोगांतून आखूड फळ्यांची लाट आली. साडेनऊ फुटांची फळी दोन-तीन वर्षांत सात फुटांच्या आसपास उतरली. महिन्या-महिन्याला आकार बदलत होता. कारागिराला यात अडचण नव्हती. सकाळी सुचलेला बदल तो दुपारी रंध्याने करी. साच्यात भांडवल गुंतवलेल्या कारखान्यांची मात्र पंचाईत झाली. लांब फळ्यांचे साठे पडून राहिले.

येथे आपल्याला साच्याचा स्वभाव कळतो. साचा म्हणजे एकदा घेतलेला आणि गोठवून ठेवलेला निर्णय. प्रश्नाचे उत्तर ठरलेले असेल तर साचा ते हजारोंपर्यंत स्वस्तात पोहोचवतो. उत्तर अजून शोधले जात असेल तर साचा निरुपयोगी ठरतो.

पण या शोधाची किंमत नवशिक्यांना द्यावी लागली. जुन्या लांब फळ्या कापून आखूड केल्या जाऊ लागल्या, दुकानांत आखूड फळ्याच दिसू लागल्या आणि शिकणाऱ्यांना त्यांच्यावर उभेच राहता येईना. का, ते थोड्या आकडेमोडीने पाहू.

नवशिक्याला काय हवे?

समजा विद्यार्थ्याचे वजन ५५ किलो आहे. शिकण्याची आठ फुटी फोमची फळी सुमारे ८५ लिटर घनफळाची आणि ५ किलो वजनाची असते. समुद्राच्या पाण्याची घनता लिटरला सुमारे १.०२५ किलो. म्हणजे ही फळी पूर्ण बुडाली तर ८७ किलो वजन पेलेल. विद्यार्थी आणि फळी मिळून ६० किलो. तेव्हा विद्यार्थी तिच्यावर स्थिर उभा असला तरी तिचा सुमारे एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर राहतो.

आता तज्ज्ञाची सहा फुटी फळी घेऊ : घनफळ २८ लिटर, वजन ३ किलो. ती पूर्ण बुडून जेमतेम २९ किलो पेलते. आपला विद्यार्थी तिच्यावर स्थिर उभा राहिला तर कमरेच्याही वर पाण्यात जाईल. तज्ज्ञ अशा फळीवर तरतो तो वेगामुळे. धावती फळी पाणी खाली ढकलते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पाणी तिला वर ढकलते. पण तो वेग येण्यासाठी आधी लाट पकडावी लागते. उथळ पाण्यात लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. खोली दीड मीटर असेल तर तो सेकंदाला सुमारे ३.८ मीटर, ताशी जवळजवळ १४ किलोमीटर येतो. फळीवर पालथे पडून हाताने वल्हवणारा नवशिका याच्या निम्माही वेग क्वचितच गाठतो. फळी जितकी लांब आणि पाण्यावर तरंगणारी, तितके हे अंतर भरून काढणे सोपे.

तिसरी गोष्ट डुगडुगण्याची. तरंगणाऱ्या आयताकृती फळीची आडवी स्थिरता लांबीच्या प्रमाणात, पण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रुंदी १८ इंचांवरून २२ इंच केली तर स्थिरता १.८ पट होते. लांबी सहाऐवजी आठ फूट धरली तर एकूण जवळजवळ अडीचपट. आणि आखूड फळी तर पूर्ण बुडालेली, त्यामुळे तिला हा आधारही नाही. वर्गात टबात पाणी घेऊन, एकाच लांबी-जाडीचे पण ४ व ८ सेंटिमीटर रुंदीचे थर्माकोलचे दोन तुकडे त्यात सोडावेत, दोहोंवर एकेक खोडरबर उभे ठेवावे आणि पाणी हळूच हलवावे. आधी कोणते पडते हे सांगायला गणित लागणार नाही.

या तिन्ही गरजांकडे नीट पाहा. त्या व्यक्तीगणिक फार बदलत नाहीत. वजनाप्रमाणे घनफळ कमी-जास्त करावे लागेल, पण लांब, रुंद, जाड फळी हे उत्तर सर्वांना सारखेच. आणि ते बदलणारही नाही, कारण ते भौतिकीवर उभे आहे, प्रचलित आवडीवर नाही. म्हणजे नवशिक्याचा प्रश्न हा साच्यासाठी अगदी योग्य असा प्रश्न आहे.

मऊ फळी

साच्यातल्या फळीला आणखी एक गुण जोडला गेला, तो मऊपणाचा. जुलै १९७१ मध्ये हवाईत टॉम मोरी याने पॉलिएथिलीन फेसाचा एक तुकडा विजेच्या सुरीने कापला, वर वर्तमानपत्राचा कागद ठेवून इस्त्रीने त्याला आकार दिला आणि तो घेऊन लाटांत शिरला. पोटावर झोपून वापरायची ही 'बूगी' फळी लवकरच कारखान्यात बनू लागली. प्राचीन पाइपोचाच हा नवा अवतार. त्याच दशकात माइक डॉइल या खेळाडूबरोबर मोरीने उभे राहण्याजोगी मऊ फळीही केली. नवशिका दिवसातून शंभर वेळा पडतो आणि फळी डोक्यात बसण्याची भीती असते. फळी मऊ असेल तर ती भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की शिकणे वाढते. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एका घाऊक दुकानसाखळीत आठ फुटी मऊ फळी शंभर डॉलरांना मिळू लागली. हातघडणीच्या फळीची किंमत याच्या कित्येक पट होती.

याला दुसरी बाजू आहे. स्वस्त मऊ फळ्या लवकर मोडतात, दुरुस्त होत नाहीत आणि त्यांचा फेस कचऱ्यात वर्षानुवर्षे राहतो. कारागिराची फळी पुन्हा पुन्हा डागडुजी करून वापरता येते.

एका सोमवारी

५ डिसेंबर २००५, सोमवार. गॉर्डन क्लार्कने आपल्या गिऱ्हाइकांना फॅक्स पाठवला की कारखाना बंद करत आहोत. अमेरिकेतील बहुतेक सर्व कारागीर त्याच्याच ब्लँकवर अवलंबून होते. क्लार्कने पर्यावरण व अग्निसुरक्षेच्या नियमांचा आणि त्यातून येऊ शकणाऱ्या दाव्यांचा उल्लेख केला होता. फेसासाठी तो टोल्युईन डायआयसोसायनेट हे विषारी रसायन वापरत असे. १९८४ साली भोपाळमध्ये ज्याने हाहाकार केला तो मिथाईल आयसोसायनेट याच कुळातला, फक्त कितीतरी अधिक बाष्पनशील. कारखान्यातील साचेही मोडून टाकण्यात आले.

एका दिवसात कारागिरांना उमजले की आपली हातघडण एका माणसाच्या साच्यांवर उभी होती. काही काळ ब्लँकची टंचाई झाली, किमती चढल्या. मग नवे उत्पादक पुढे आले. थर्माकोलच्या जातीचा फेस आणि त्याला न विरघळवणारी इपॉक्सी राळ ही जोडीही अधिक प्रचारात आली. कारागिरीला धक्का बसला, पण ती संपली नाही, कारण ज्ञान साच्यांत नव्हते, हातांत होते. हवाईत नेमके उलटे झाले होते : तेथे फळ्या उरल्या आणि हात गेले.

आज ही सीमारेषा आणखी पुसट झाली आहे. संगणकाने चालणारे यंत्र ब्लँकला जवळजवळ अंतिम आकार देते आणि कारागीर शेवटचा हात फिरवतो. उलट साच्यातल्या कित्येक फळ्यांचा मूळ नमुना गेरी लोपेझसारख्या नामवंत कारागिरांनी केलेला असतो. प्रत्येक साच्यामागे कधीतरी कुणाचा तरी हात असतोच.

मग नवशिक्याने काय घ्यावे?

कॅलिफोर्नियात असो की आपल्याकडे कर्नाटकातील मुल्कीच्या किनाऱ्यावर, उत्तर सारखेच येईल : पहिली फळी साच्यातली, मऊ, लांब आणि रुंद असावी, शक्य तर भाड्याची किंवा जुनी. कारण केवळ किमतीचे नाही. कारागिराला माप द्यायचे तर स्वतःविषयी काही सांगता आले पाहिजे : मी कोणत्या लाटांवर जातो, माझा तोल कुठे जातो, वळताना फळी कुठे अडते. नवशिक्याला हे माहीत नसते. ते त्याला पहिली फळीच शिकवते. तिच्या मर्यादा जेव्हा जाणवू लागतात आणि शब्दांत सांगता येतात, तेव्हा कारागिराकडे जाण्याची वेळ झाली असे समजावे. ज्याची शरीरयष्टी किंवा गरज सर्वसाधारण मापात बसत नाही, त्याने मात्र पहिल्या दिवशीच कारागीर गाठावा.

पाठ्यपुस्तक हाही एक साचाच आहे. आरंभीच्या समान गरजांसाठी तो उत्तम, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण विद्यार्थी जेव्हा 'मला इथे अडते' असे नेमके सांगू लागतो, तेव्हा पुढची फळी हातानेच घडवावी लागते. आणि क्विगसारखे कान उघडे ठेवले, तर कधी कधी त्या एका फळीवरून सगळ्यांचाच साचा बदलतो.